कोची बंदरात सात तास

आर्वीतून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच आहे. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे हिंगणीजवळचं बोर धरण, नाहीतर पवनारची धाम नदी. कापडाच्या खरेदीसाठी मी मुंबईला बरेचदा गेलो, तेव्हा काठावरून समुद्र पाहिला होता. पण माल बघायच्या घाईत तोही उभ्याउभ्याच. त्याच्यावर चार रात्री झोपावं लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

हे नुसतं जहाजाचं वर्णन असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. जेवण कसं होतं, खोली केवढी होती, हे सांगून मोकळा झालो असतो. पण या प्रवासात मला सहा वर्षांनी माझ्या मुलीच्या दारात उभं राहावं लागलं. जायचं ठरवून मी निघालो नव्हतो. मला तिथे नेण्यात आलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे चिडलो, कुठे चुकलो, ते वाचणाऱ्याला नीट कळेल.

मुंबई

तिकिटं मुलाने काढली होती. अमोल नागपूरला नोकरीला आहे. "बाबा, जनमभर गल्ल्यावर बसले. आता एकदा जहाजात बसा," म्हणाला. मुंबईहून निघायचं, एक अख्खा दिवस समुद्रावर, मग कोची. तिथे सकाळी नऊला उतरायचं, चारला परत चढायचं आणि मुंबईला यायचं. कोचीच का, असं मी विचारलं नाही. माझी बायको कुसुम कधी नव्हे ती एका शब्दात तयार झाली, त्याचंही मला काही वाटलं नाही.

बंदरावर सामान तपासताना आमची पिशवी बाजूला काढली. आत स्टीलचा मोठा डबा होता आणि डब्यात कच्च्या कुरडया. तपासणाऱ्या तरुणाने एक उचलून उजेडात धरली.

"आंटी, जहाज पे खाना बहुत मिलेगा."

"बेटा, ये खाना नहीं है. वाळवण है," कुसुम म्हणाली. हिंदीत वाळवणाला काय म्हणतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तो हसला आणि डबा परत दिला.

"तळशीन कुठं?" मी तिला विचारलं. "खोलीत स्टोव्ह ठेवला हाये का त्याइनं?"

"असू द्या वो. जागा किती घेते?"

मी चाळीस वर्षं कापड विकतोय. गिऱ्हाईक पायरी चढलं की काय घेणार आणि काय नुसतंच चिवडून जाणार, हे मला कळतं. बायकोच्या पिशवीतल्या कच्च्या कुरडया कुणासाठी आहेत हे मात्र मला कळलं नाही.

जहाज म्हणजे मोठं मंगल कार्यालय निघालं. गालिचे, आरसे, लिफ्ट, हातात ताटली घेऊन फिरणारी माणसं. सुटण्याआधी सगळ्यांना एका दालनात बसवून केशरी जाकिटं कशी घालायची ते शिकवलं. माझ्या जाकिटाचा पट्टा अडकला आणि एका परदेशी वाटणाऱ्या मुलीने तो लहान मुलाचं बटण सोडवावं तसा सोडवून दिला. जेवणात सत्तर पदार्थ होते की काय कोण जाणे, पण झणझणीत एकही नव्हता. आमचं जहाज मुंबईच्या उंच इमारतींपासून हळूहळू मागे सरत गेलं. कठड्याला धरून उभी असलेली कुसुम म्हणाली, "हालत त काहीच नाई वो." तिला मजा वाटत होती.

समुद्रावर

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सारला तर जमीन कुठेच नव्हती. रोहण्याच्या आमच्या शेतात मधोमध उभं राहिलं तरी नजर कुठेतरी टेकते. धुरा म्हणजे शेताचा बांध असतो, बाभूळ असते, कुणाची बैलगाडी असते. इथे नजरेला टेकायला काही नाही. मला ते फार वेळ बघवलं नाही.

न्याहारीनंतर आम्ही वरच्या डेकवर सावलीत बसलो. शेजारी सुरतेकडची मंडळी पत्ते खेळत होती. कुसुमने पदर नीट केला आणि समुद्राकडे बघतच बोलली.

"अवो, उद्या कोची येते."

"माहीत हाये."

"तिथं चित्रा राह्यते."

चित्रा आमची मुलगी. अमोलहून मोठी. वर्ध्याला नर्सिंग शिकत होती, तिथेच लॅबमध्ये काम करणाऱ्या केरळच्या एका ख्रिस्ती मुलाशी तिने लग्न केलं. मला सांगून केलं, हे कबूल करायला हवं. दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि मग सांगितलं. मी तिला म्हणालो, या पायरीवरून उतरलीस की परत चढू नकोस. ती उतरली. त्या दिवसापासून कुणी विचारलं तर मी सांगायचो, मला एकच मुलगा. नवीन माणसाला ते खरं वाटायचं. जुनी माणसं खाली मान घालायची. ती केरळात असते एवढं माहीत होतं. गाव कोणतं, ते मी कधी विचारलं नाही.

"तुले कोनं सांगतलं?"

"तिनंच. मी बोलतो तिच्यासंगं. दर शनवारी, तुमी दुकानात गेले का."

"कवापासून?"

"झाले चार वर्ष."

"आन् अमोल?"

"त्यानंच त तिकीट काढलं."

"म्हंजे दोघाइनं मिळून मले फसवून आनलं."

"हो," ती म्हणाली. "सांगून आले असते का तुमी?"

मी उठलो. घरी असतो तर दुकानात गेलो असतो, नाहीतर मोटारसायकल काढून रोहण्याला. रागावून निघून जायला जहाजावर जागा नसते. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, जिने उतरलो, चढलो आणि फिरून त्याच सावलीपाशी आलो. ती तिथेच बसली होती.

"मी त उतरनार हाये उद्या," ती म्हणाली. "तुमाले यायचं असन त या. नाई त बसा इथंच. जेवन भेटते दिवसभर."

त्या दिवशी आम्ही एका टेबलावर जेवलो पण बोललो नाही. संध्याकाळी डेकवर गरबा सुरू झाला. मी खोलीत जाऊन गोल खिडकीतून पाणी बघत बसलो. मला तिचा राग आला होता, हे खरं. पण चार वर्षं शनिवारी शनिवारी माझ्या घरात माझ्या मुलीचा आवाज येत होता आणि मला तो ऐकू आला नाही, याचं दुःख त्या रागापेक्षा जास्त होतं. ते मी तेव्हा मान्य केलं नाही.

कोची

बंदर दिसायच्या आधी वास येतो. ओल्या लाकडाचा, मासळीचा आणि डिझेलचा. जहाज समुद्रातून एका अरुंद तोंडाने आत शिरलं. दोन्ही काठ इतके जवळ आले की काठावरची माणसं चहा पिताना दिसत होती. पाण्यावर वाकलेली ती प्रसिद्ध मोठी चिनी जाळी होती. चार-पाच माणसं दोर ओढून एक जाळं वर काढत होती. वर आलेल्या जाळ्यात फारसं काही नव्हतं. त्यांनी ते पुन्हा खाली सोडलं.

कुसुमने ठेवणीतलं हिरवं पातळ नेसलं, डबा हातात घेतला आणि निघाली. मी खोलीत बसलो. मग विचार आला, ही वर्ध्याच्या बसस्टँडवर एकटी गाडी विचारत नाही आणि इथे परमुलखात, जिथली पाटीसुद्धा वाचता येत नाही, तिथे कशी जाणार? गेटपर्यंत पोचवून येऊ, असं स्वतःला सांगून मी चपला घातल्या. जहाजाच्या शिडीवर तिला गाठलं. तिने वळून पाहिलं आणि डबा माझ्या हातात दिला. टॅक्सीवाल्याला तिने चित्राने फोनवर पाठवलेला मल्याळममधला पत्ता दाखवला. गेट मागे पडलं तरी मी टॅक्सीत तिच्या शेजारीच होतो.

आमच्या वर्ध्याचं ऊन जाळतं, पण घाम जागच्या जागी वाळतो. कोचीत सकाळी दहालाच सदरा पाठीला चिकटला आणि चिकटूनच राहिला. तोंडाला कोरड पडली. जुन्या किल्ल्याच्या भागात, एका गल्लीत, कौलारू घरासमोर टॅक्सी थांबली. दारात चित्रा उभी होती. वाळली होती. कानाजवळ केस पांढरे झाले होते आणि उभी राहण्याची ढब थेट माझ्या आईची. मला भडभडून आलं. मी चष्मा काढून पुसत राहिलो. मायलेकी गळ्यात पडल्या. जावई, जोजी त्याचं नाव, माझ्या पायाशी वाकला. मी मागे सरलो नाही, एवढंच माझ्याकडून झालं.

आम्ही बसलो. चित्रा ताटलीत दोन पेले घेऊन आली. पाणी गुलाबी होतं आणि कोमट. तिकडे घरोघरी कसल्याशा लाकडाची साल टाकून पाणी उकळतात, त्याने असा रंग येतो, हे मला नंतर समजलं. कुसुमने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मी तिच्याकडे बघतच राहिलो. असं कसं केलं हिने?

कारण आमच्यात एक पद्धत आहे. लग्न करून दिलेल्या लेकीच्या घरी, तिला मूल होईपर्यंत, आईबापांनी पाणीसुद्धा प्यायचं नाही. नवी माणसं आता हे पाळत नाहीत. माझ्या वडिलांनी पाळलं. माझ्या बहिणीला आठ वर्षं मूल नव्हतं, तर आठ वर्षं ते तिच्याकडे जाताना घरचा लोटा भरून न्यायचे आणि तिच्या ओसरीवर बसून तेच पाणी प्यायचे. कुसुमला हे सगळं ठाऊक होतं.

"मले नको," मी म्हणालो.

चित्राने पेला खाली ठेवला. जोजीला वाटलं मला ते रंगीत पाणी नको असेल. तो चप्पल न घालताच धावत गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली घेऊन आला.

"पापा, ये सीलबंद है," म्हणाला आणि बूच माझ्यासमोर उघडलं.

मी हात जोडले. "नको."

चित्राने नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि त्याने बाटली मागे घेतली. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "एवढ्या दूर आले तुमी. तरी माह्या घरचं पानी चालत नाई तुमाले? यायच्या घरचा विटाळ हाये म्हनून?" तिने जोजीकडे बोट केलं.

मी तर तिचा मान ठेवत होतो. ज्या लेकीचं लग्न आपण मानलं, तिच्याच घरचं पाणी सोडायचं असतं. निघून गेलेल्या मुलीसाठी कसला नियम आणि कसला उपास? मी पेला नाकारला, तेव्हाच तिचं लग्न मी मनात मान्य केलं होतं. सहा वर्षांत तिच्यासाठी मी केलेली ती पहिली गोष्ट होती आणि तिला ती थप्पड वाटली. दोन शब्द आधी बोललो असतो तर काय झालं असतं? पण मी बोलणाऱ्यातला नाही. दुकानात बोलतो तेवढंच.

"तसं नाई वो माय," मी म्हणालो. "विटाळ कायचा? लेकीच्या घरचं नाई पेत आपल्यात. तुह्या आजोबानं नाई का पाळलं आत्याच्या घरी? मूलबाळ होईपर्यंत नाई पेत. लेक दिली का मंग पानी सोडा लागते. मी सोडलं."

ती रागावेल किंवा हसेल असं वाटलं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. कुसुम उठली आणि डबा घेऊन आत स्वयंपाकघरात गेली.

"मंग प्या, बाबा," चित्रा म्हणाली.

"काऊन?"

"मले मुलगी झालती. तीन दिवस होती." तिने पेला माझ्यापुढे सरकवला. "दोन वर्ष झाले. तुमी आजोबा झालते. पेऊ शकता तुमी."

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या आधी कुसुम तीन दिवस देवघराकडे फिरकली नव्हती. अंग दुखतं म्हणाली. दिवा मी लावला आणि वातीवरून तिला बोललो. त्याच आठवड्यात दुकानात अनोळखी नंबरवरून फोन आला होता. "पापा, मैं जोजी," एवढंच ऐकून मी "राँग नंबर" म्हणालो आणि ठेवून दिला. समोर गिऱ्हाईक होतं. मी साडीची घडी मोडून पदर दाखवत राहिलो.

हे सगळं मला एकदम आठवलं. कुसुम तेव्हा नातीचं सुतक पाळत होती. जोजी भिंतीला टेकून उभा होता. त्या फोनबद्दल तो तेव्हा बोलला नाही, नंतरही नाही.

मी पेला उचलला. पाण्याला लाकडाचा, किंचित तुरट वास होता. अर्धं प्यायलो. चित्रा खाली बसली, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उरलेलं प्यायलो. मग आणखी मागितलं. तिने दिलं.

आतून कुरडया तळल्याचा वास आला.

जेवण दुपारी लवकरच झालं. जाडजूड तांबूस भात, नारळ घातलेली भाजी, आमच्यासाठी मासळी न घालता केलेली आमटी आणि ताटात ढीगभर कुरडया. जोजी कुरडई मोडताना आवाज होऊ नये म्हणून जपत होता. मी त्याला म्हणालो, "तोडो जी, ऐसेही खाते हैं." मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. काहीतरी बरं सुचायला हवं होतं.

चार वाजायला वेळ होता म्हणून आम्ही चौघं चर्चमागच्या दफनभूमीत गेलो. लहान बाळाला आमच्याकडेही जाळत नाहीत, मातीच देतात. तेवढं मला परकं वाटलं नाही. एका भिंतीलगत लाकडाचा वीतभर क्रूस होता. वरची अक्षरं मला वाचता येईनात. मी जोजीकडे पाहिलं.

"अ‍ॅना कुसुम," त्याने वाचून दाखवलं.

कुसुमला ते नाव आधीच माहीत असणार. तरी तिने माझा दंड धरला. मी चपला काढून उभा राहिलो. माती तापलेली होती. मी मनात त्या लेकराला एवढंच म्हणालो की मी उशिरा आलो. दुसरं म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

बंदराच्या गेटवर चित्राने डबा परत दिला. रिकामा कसा देणार? आत केळ्याचे वेफर होते.

"महालक्ष्म्याइले येजो," मी तिला म्हणालो. "दोघंबी या."

"बाबा, आर्वीत लोक काय म्हनतीन? तुमी त एकच पोरगा सांगता."

हेही तिच्या कानावर गेलं होतं. मी म्हणालो, "लोकाइले मी सांगतो. तू ये."

जहाज संध्याकाळी हललं.

आर्वी

आल्यावर आठवडाभर मी कुणाला काही सांगितलं नाही. जहाज कसं होतं विचारलं की गालिचे आणि लिफ्ट सांगायचो. तोंडावर यायचं आणि मागे जायचं.

मग एका दुपारी रोहण्याच्या जुन्या ओळखीतल्या गयाकाकू सुनेसाठी पातळं बघायला आल्या. त्यांना आमचं सगळं माहीत होतं, म्हणून त्या फक्त अमोलचीच चौकशी करायच्या. तशीच केली. मी पातळाची घडी घालता घालता म्हणालो, "चित्राबी बरी हाये. कोचीले राह्यते. जाऊन आलो आमी."

काकूंनी वर पाहिलं. "तिले काई लेकरू?"

"मुलगी झालती," मी म्हणालो. "तीन दिवसाची होऊन गेली."

"अरे देवा. कवा?"

"दोन वर्ष झाले. मले आता समजलं."

काकूंनी पातळ बाजूला सारलं आणि काही न घेता निघून गेल्या. मला वाटलं, ह्याही तोंड फिरवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू त्यांच्या गावातल्या चार बायका घेऊन आमच्या घरी आल्या. कुणी गेलं की येतात तशा, कपाळावर टिकली न लावता, शेजारपाजारच्यांशी न बोलता. कुसुमजवळ बसल्या. काकूंनी तिचा हात हातात घेऊन विचारलं, "कसं होतं वो लेकरू?" आणि कुसुम बोलायला लागली. फोनवर दाखवलं तेव्हा बाळाचे डोळे मिटलेले होते, जावळ भरपूर होतं, हे मीही तेव्हाच ऐकलं. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि ती मोठ्याने रडली. दोन वर्षांत माझ्या घरात ती तशी रडली नव्हती. मी ओसरीवर बसून होतो. त्या दिवशी दुपारनंतर दुकान उघडलं नाही.